वेळापत्रकातील रिकामे रकाने

मुंबईहून निघालेली उपनगरी लोकल कसाऱ्याला संपते. भुसावळहून निघालेली मेमू गाडी इगतपुरीला संपते. या दोन स्थानकांच्या मध्ये जुन्या कागदपत्रांतला थळघाट, म्हणजेच कसारा घाट उभा आहे आणि लोहमार्गाने मोजल्यास हे अंतर पंधरा-सोळा किलोमीटरांहून अधिक नाही. १८६५ सालापासून या घाटातून आगगाड्या चढत-उतरत आल्या आहेत. २०२० पूर्वी मुंबई–भुसावळ पॅसेंजर हा घाट ओलांडून दोन्ही अंगांच्या लहान स्थानकांना एका तिकिटात जोडीत असे. टाळेबंदीनंतर ती पूर्ववत झाली नाही. २०२२ साली जी मेमू सुरू झाली ती भुसावळ ते इगतपुरी एवढीच. अस्वली, लहवीत, खेरवाडी, उगाव, पानेवाडी, हिसवहळ अशा ज्या स्थानकांवर मेल-एक्स्प्रेस गाड्या सहसा थांबत नाहीत, तेथल्या माणसाला मुंबईच्या बाजूस जायचे तर घाटमाथ्यापर्यंत एक वेळापत्रक आहे आणि घाटाच्या पायथ्यापासून दुसरे. मधला रकाना रिकामा आहे.

या रिकाम्या रकान्यात एक विलक्षण प्रकार दडलेला आहे. घाटाचा चढ सदतीसास एक असा आहे. सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही म्हणून नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने, ज्यांना रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात, कसाऱ्यास जोडली जातात. त्यासाठी गाडी तेथे थांबते. परंतु अनेक गाड्यांच्या बाबतीत हा थांबा उतारूंच्या वेळापत्रकात छापलेलाच नसतो. फलाटावरचा माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभी असलेली गाडी पाहतो. ती त्याच्यासाठी थांबलेली नसते. मग तो स्थानकाबाहेर येतो आणि नाशिकच्या भाड्याच्या जीपगाडीत दहाव्याच्या मांडीवर अकरावा होऊन बसतो. बोरघाटातही मांडणी तीच. मुंबईची लोकल कर्जतपर्यंत येते, पुण्याची लोणावळ्यापर्यंत, आणि मधला घाट लोकलच्या उतारूने आपापल्या हिमतीवर ओलांडावयाचा.

एवढ्याशा बाबीवर अग्रलेख कशाला, असे काही कॉम्रेडांना वाटेल. देशापुढे याहून मोठे प्रश्न आहेत हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु वेळापत्रक हा निव्वळ सोयीचा कागद नव्हे. कोणाच्या वेळेला किंमत आहे आणि कोणाच्या नाही, याचा जाहीर हिशेब राज्यसंस्थेचे एक खाते त्यात मांडत असते. आणि गेल्या काही वर्षांत या हिशेबातून शेतमजूर, दूधवाला, भाजीवाली, बांधकामावरचा बिगारी, तालुक्याच्या कॉलेजात जाणारी मुलगी यांची नावे गाजावाजा न करता एकेक करून खोडली जात आहेत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभरची प्रवासी वाहतूक प्रथमच संपूर्णपणे थांबवण्यात आली. साथ भयंकर होती. गाड्या काही काळ थांबवाव्या लागल्या हे मान्य करता येईल. पण लक्षावधी स्थलांतरित मजुरांसाठी वेळापत्रकच पुसून टाकणे म्हणजे काय, हे ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ दिसले. जालन्याहून भुसावळकडे रूळ धरून चालत निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर रुळांवर थकून झोपले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. प्रवासी गाड्या नाहीत, म्हणजे रुळांवर काहीच येणार नाही, अशी समजूत झाली असल्यास तीत नवल नव्हते. मालगाड्या मात्र चालू होत्या. माल वाहिला जात होता, माणूस पायी चालत होता.

साथ ओसरली तेव्हा गाड्या परतल्या, परंतु त्याच गाड्या त्याच रूपात परतल्या नाहीत. बंदच्या काळात रेल्वे खात्याने दोन कामे हाती घेतली होती. एक, आयआयटी मुंबईच्या साहाय्याने ‘शून्याधारित’ वेळापत्रक बनवणे. म्हणजे जुनी गाडी जुनी आहे म्हणून चालू ठेवावयाची नाही, प्रत्येक गाडीने व प्रत्येक थांब्याने आपले समर्थन नव्याने करावयाचे. दुसरे, दोनशे किलोमीटरांहून अधिक धावणाऱ्या पॅसेंजर गाड्यांना ‘एक्स्प्रेस’ करणे. ज्या गाड्या पॅसेंजर म्हणून उरल्या त्यांच्या क्रमांकापुढे शून्य लावून त्यांना ‘विशेष’ ठरवण्यात आले. रोज सकाळी त्याच वेळी त्याच गावाहून सुटणारी गाडी विशेष कशी, हा प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर तिकिटाच्या खिडकीवर मिळे. साध्या गाडीचे किमान भाडे दहा रुपये होते. ‘विशेष’ झाल्यावर ते एक्स्प्रेसचे, म्हणजे तीस रुपये झाले. डबा तोच, बाकडे तेच, प्रत्येक स्थानकावरचा खोळंबाही तोच. २०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस, लोकसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या असता, दहा रुपयांचे भाडे पुन्हा लागू झाले. अनेक गाड्यांपुढचे शून्य निघायला १ जानेवारी २०२५ चे वेळापत्रक उजाडावे लागले. ज्या मजुराने या काळात रोज जाऊन-येऊन चाळीस रुपये जादा मोजले त्याला त्यातला एक पैसाही परत मिळालेला नाही आणि मिळणार नाही.

१ जुलै २०२५ रोजी भाडेवाढ झाली तेव्हा साध्या द्वितीय वर्गास पाचशे किलोमीटरांपर्यंत हात लावला नाही, असे अभिमानाने सांगण्यात आले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला दुसरी वाढ आली आणि पाचशेची मर्यादा दोनशे पंधरावर आली. पण मुळात ही सवलत साध्या गाडीपुरती आहे. जी गाडी काल साधी होती आणि आज एक्स्प्रेस आहे, तिच्यातल्या उतारूची भाडेवाढ दर न वाढवताच होऊन गेली. देवळाली–भुसावळ ही गाडी पिढ्यान् पिढ्या खानदेशात ‘शटल’ म्हणून ओळखली गेली. ती एक्स्प्रेस झाली. दिवा–सावंतवाडी पॅसेंजर एक्स्प्रेस झाली. वेग किती वाढला ते त्या गाड्यांतून जाणाऱ्यांनीच सांगावे.

या सगळ्या व्यवहाराला इंग्रजी परिपत्रकांत जो शब्द आहे त्याचे सरकारी मराठी ‘सुसूत्रीकरण’ असे होते. या पत्रासाठी अशी परिपत्रके मराठीत आणताना या शब्दाशी आम्ही दरवेळी अडखळतो, कारण मुंबईच्या गिरणी कामगाराने तो फार पूर्वी आपल्या भाषेत आणला होता. १९२८ साली दोन मागांऐवजी तीन माग एका विणकरावर लादण्याची जी योजना मालकांनी आणली तिचे नावही ‘रॅशनलायझेशन’च होते. कामगाराने तिचा अर्थ ओळखला, सहा महिने संप केला, आणि त्या लढ्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. सूत्र तेव्हाही सुबक होते. ते कोणाच्या गळ्याभोवती आवळले जाते एवढाच प्रश्न होता.

रेल्वे अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की मार्गांची क्षमता संपली आहे, आणखी गाड्या बसवावयाच्या कोठे? हे म्हणणे खोटे नाही, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. नियंत्रण कक्षातला तक्ता ज्याने पाहिला असेल त्याला हे चटकन उमजेल. आडव्या अंगाने चोवीस तास, उभ्या अंगाने स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. वेगवान गाडीची रेघ ताठ चढते, सावकाश गाडीची आडवी पसरते. सगळ्या गाड्या सारख्याच वेगाच्या असतील तर रेघा शेजारी-शेजारी, दाटीने बसतात. परंतु आडव्या रेघांच्या मधून एक ताठ रेघ काढावयाची तर तिच्यापुढची बरीच जागा आधीपासून मोकळी ठेवावी लागते, नाहीतर ती पुढच्या रेघेवर जाऊन आदळेल. त्यासाठी पॅसेंजर गाडीला बाजूच्या लूप मार्गावर घेतात आणि सिग्नल लाल करतात. एका अतिवेगवान गाडीपायी अशा अनेक सावकाश गाड्यांच्या जागा खर्ची पडतात. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्ली–वाराणसी मार्गावर पहिल्या वंदे भारतला हिरवा झेंडा दाखवला गेला. त्यानंतर अनेक राज्यांत असा समारंभ झाला, छायाचित्रे आली. तक्त्यावर त्या दिवशी कोणत्या रेघा पुसल्या गेल्या, त्याचा समारंभ कोणी केला नाही.

म्हणजे क्षमता कमी आहे हे खरे, परंतु ती वाटण्याचे काम तंत्रज्ञानाचे नाही, धोरणाचे आहे. वेगवान गाड्या नकोत असे आम्ही म्हणत नाही. लांब पल्ल्याच्या माणसालाही वेळेची किंमत असते. परंतु वातानुकूलित खुर्चीत बसणाऱ्याची वाचलेली पंचवीस मिनिटे जर लूप मार्गावर उभ्या असलेल्या हजार उतारूंच्या पाऊण तासातून काढली जात असतील, तर त्या देवघेवीचा हिशेब संसदेपुढे आला पाहिजे. स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प होता तोवर निदान वर्षातून एकदा खासदार आपापल्या भागाच्या गाड्यांसाठी भांडत असत. शेवटचा तसा अर्थसंकल्प २०१६ साली मांडला गेला. तेव्हापासून तोही दरवाजा बंद आहे.

शिवाय हा वेगही कागदावर जितका आहे तितका रुळांवर नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२१ च्या २२ क्रमांकाच्या अहवालात वक्तशीरपणाची तपासणी आहे. सुपरफास्ट म्हणवण्यासाठी सरासरी ताशी पंचावन्न किलोमीटर वेग हवा. अहवालाने ४७८ सुपरफास्ट गाड्या तपासल्या. त्यांतल्या १२३ गाड्यांचा वेळापत्रकातला वेगच पंचावन्नाच्या खाली होता. म्हणजे अधिभार वसूल करणाऱ्या दर चार गाड्यांमागे एक गाडी कागदावरसुद्धा नावाला पात्र नव्हती! ही नोंद खाजगी मालकाच्या दुकानातली असती तर वजनमाप निरीक्षकाने तराजू जप्त केला असता. वेळापत्रक वाचणाऱ्याला आणखी एक चमत्कार परिचित असतो. सीएसएमटीहून बाहेर पडणारी लांब पल्ल्याची गाडी दादरपर्यंत साधारण दहा-बारा मिनिटांत जाते. बाहेरून येणाऱ्या गाडीला दादर ते सीएसएमटी या तेवढ्याच अंतरास त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ दिलेला असतो. वाटेत उशीर झाला तर तो शेवटच्या टप्प्यात भरून निघावा आणि गाडी वेळेवर आली असे लिहिता यावे, ही त्यातली युक्ती. वक्तशीरपणा मोजतात तो अखेरच्या स्थानकावर. मधल्या स्थानकावरच्या माणसाची गाडी तास-तास उशिरा आली तरी आकड्यांत ती वेळेवरच असते.

कोकणच्या उतारूंची तक्रार आणखी वेगळी आहे आणि तिच्या बाबतीत आपल्या कॉम्रेडांनी विशेष सावध राहिले पाहिजे. दादर–रत्नागिरी पॅसेंजर २०२० पूर्वी थेट दादरहून सुटे. टाळेबंदीनंतर ती दिव्यालाच थांबवली गेली. लालबाग-परळचा चाकरमानी पूर्वी ट्रंक आणि पोरेबाळे घेऊन दादरला गाडीत बसत असे. आता त्याने आधी लोकलच्या गर्दीत ते सारे दिव्यापर्यंत न्यावे. दरम्यान दादरहून गोरखपूर व बलियाकडे विशेष गाड्या सुटू लागल्या. यावर ‘आमची गाडी त्यांना दिली’ असा ओरडा काही पक्षांनी केला. हा ओरडा ऐकायला सोपा आणि परिणामी विषारी आहे. गोरखपूरला जाणारा तो कोण? भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा आणि ठाण्याच्या इमारतींवर विटा चढवणारा. त्यालाही आपल्या गावी जाण्यासाठी ‘विशेष’ गाडीच दिली जाते, नियमित नव्हे. म्हणजे तोही वेळापत्रकाच्या बाहेरचाच. रत्नागिरीच्या उतारूची जागा त्याने घेतलेली नाही. दोघांच्यासाठी पुरेसे फलाट, पुरेसे डबे आणि पुरेसे मार्ग ज्यांनी बांधले नाहीत, त्यांना या भांडणात आपले नाव कोठेच येत नाही याचा आनंद होत असेल. कोकणची गाडी दादरला परत आणण्याची मागणी रास्त आहे. ती गोरखपूरच्या मजुराला बरोबर घेऊन केली पाहिजे, त्याच्या विरोधात नव्हे.

संघटितपणे रेटले तर रिकामा रकाना भरतो, याचे उदाहरण केरळचे. कोल्लमहून एर्नाकुलमला सकाळी कामावर जाणाऱ्यांना पालरुवी एक्स्प्रेस गेल्यावर वेणाड एक्स्प्रेसपर्यंत सुमारे दीड तास गाडी नव्हती. ती दीड तासाची सगळी गर्दी एका गाडीवर कोसळे आणि २०२४ च्या सप्टेंबरात वेणाडमध्ये गुदमरून प्रवासी बेशुद्ध पडले. प्रवाशांनी व लोकप्रतिनिधींनी धरून लावल्यावर ७ ऑक्टोबर २०२४ पासून त्या पोकळीत एक मेमू सुरू झाली. तीही ‘विशेष’, आणि आठवड्यातून पाच दिवस. पण जागा नाही म्हणून सांगितले जात होते त्याच तक्त्यावर जागा निघाली.

गाडी चालवायला माणूस लागतो, हेही या संदर्भात विसरून चालणार नाही. २०२४ च्या जानेवारीत सहायक लोको पायलटांच्या ५,६९६ जागांची जाहिरात निघाली. १७ जून २०२४ रोजी रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसवर मालगाडी आदळली, आणि त्यानंतर काही दिवसांतच तो आकडा १८,७९९ झाला. पाच महिन्यांत देशाच्या गरजा तिपटीने वाढल्या नव्हत्या. रिकाम्या जागा आधीपासून होत्या, त्या मोजायला अपघात व्हावा लागला. माणसे कमी पडली की पहिली रद्द होते ती पॅसेंजर. म्हणून दहा तासांच्या ड्युटीचे जे आश्वासन लोको कामगारांनी १९७३ च्या संपातून मिळवले, त्याच्या अंमलबजावणीची मागणी आणि लहान स्थानकावरच्या उतारूची मागणी या एकाच गाडीच्या दोन टोकांच्या मागण्या आहेत. १९७४ च्या मे महिन्यातील संपात जे सामील होते त्यांना हे समजावून सांगावे लागत नसे. आज रेल्वे कामगारांची सभा एकीकडे आणि प्रवासी संघाची सभा दुसरीकडे, अशी आपल्याच कामाची विभागणी झाली आहे. हा दोष आपला आहे.

आणि आणखी एक उणीव आपलीच. रेल्वेच्या प्रश्नावर आपण निवेदने पुष्कळ दिली, पण त्यांत बहुधा ‘गाड्या वाढवा’ एवढेच असते. अधिकारी अशा निवेदनाला हसून पोच देतो, कारण त्यात खोडण्यासारखे काही नसते आणि करण्यासारखेही नसते. त्याच्यापुढे वेळापत्रकच ठेवले पाहिजे. देशाचे जे ‘ट्रेन्स ॲट अ ग्लान्स’ प्रसिद्ध होते त्याचा भर मेल-एक्स्प्रेस गाड्यांवर असतो. साध्या गाड्यांसाठी जी विभागवार पुस्तके पूर्वी स्टॉलवर मिळत ती आता क्वचितच दिसतात. मोबाइलवर पाहा, असे सांगितले जाते. मोबाइलवर असलेली गाडी दिसते. काढून टाकलेली गाडी तेथे दिसत नाही. ती फक्त स्थानकावरच्या चहावाल्याला, गेटमनला आणि रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना आठवते, आणि ही आठवणही आणखी काही वर्षांनी राहणार नाही.

म्हणून जेथे जेथे आपले सभासद आहेत, मग ते मनमाड-चाळीसगावचे असोत, खेड-चिपळूणचे असोत, की इंदूर, बडोदे, बेळगाव, हुबळी, हैदराबाद येथे कामानिमित्त राहणारे असोत, तेथल्या शाखेने जवळचे एक लहान स्थानक निवडावे. २०१९ च्या जुलैच्या वेळापत्रकाप्रमाणे तेथे थांबणाऱ्या गाड्या एका रकान्यात लिहाव्यात, आज थांबणाऱ्या दुसऱ्यात. सकाळी कामाच्या वेळेपूर्वी तालुक्याला पोहोचवणारी शेवटची गाडी कोणती, आणि बाजार किंवा पाळी सुटल्यावर परत आणणारी पहिली कोणती, हे वेगळे नोंदवावे. गाड्यांच्या संख्येपेक्षा या दोन वेळांच्या मधले अंतर अधिक बोलके असते. त्या स्थानकावर २०१९ साली आणि आज महिन्याला किती तिकिटे विकली गेली, ते माहिती अधिकाराच्या अर्जाने मागावे. उतारू कमी म्हणून थांबा काढला, असे उत्तर येईल. तेव्हा थांबा आधी गेला की उतारू, हे तारखांवरून दाखवता आले पाहिजे. तक्ता स्टेशनमास्तर, गँगमन आणि लोको कामगारांच्या संघटनेकडून तपासून घ्यावा, कारण कोणती मागणी तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे हे तेच सांगू शकतात. कसारा घाटाच्या बाबतीत ब्रेकची आणि बँकरची अडचण खरी आहे, आणि तिच्यावर उपाय सुचवणारे घाटातच रोज काम करीत असतात. तयार झालेला तक्ता रेल्वेच्या विभागीय सल्लागार समितीकडे, आपल्या खासदाराकडे, आणि एक प्रत या पत्राच्या कचेरीकडे पाठवावी. जागा असेल तेवढे तक्ते आम्ही छापू. कसारा आणि इगतपुरी या दोन स्थानकांचे पहिल्यांदा.